प्रसाविका प्रशिक्षण, अफगाणिस्तानातील सामुदायिक

दुर्गम भागातील मातामृत्यू रोखण्यासाठी 2002 नंतर अफगाणिस्तानात उभारलेली प्रशिक्षणव्यवस्था. 2002 च्या पाहणीत देशातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे 1,600, तर बदख्शान प्रांतातील राघ जिल्ह्यात सुमारे 6,500 आढळले. जगात कोठेही नोंदलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी हे एक. त्यावेळी देशात प्रशिक्षित प्रसाविका 500 हूनही कमी होत्या. बहुतेक बायका घरीच बाळंत होत. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे अनेक कुटुंबांना मान्य नव्हते.

या योजनेचे खरे बळ निवडीत होते. गावातील वडीलधाऱ्यांच्या संमतीने तिथल्याच मुलीची निवड होई आणि शिकून तिने त्याच भागात काम करावे, अशी अट असे. शहरातून पाठवलेली प्रसाविका डोंगरात टिकत नाही, हे ओळखून केलेली ही रचना दूरदृष्टीचीच म्हटली पाहिजे. सुरुवातीला 18 महिन्यांच्या, पुढे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कौशल्यावर भर असे : बाळंतपणानंतरचा रक्तस्राव ऑक्सिटोसिनने आटोक्यात आणणे, अडकलेली वार काढणे, झटके येणाऱ्या गर्भवतीला मॅग्नेशियम सल्फेट देणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे. अडलेल्या बाळंतिणीला वेळीच मोठ्या रुग्णालयात पाठवणे, हेही त्यांचेच काम. 2005 मध्ये अफगाण प्रसाविका संघटना स्थापन झाली.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2020 पर्यंत मातामृत्यूचे प्रमाण सुमारे 620 वर आले. डिसेंबर 2024 मध्ये तालिबान राजवटीने स्त्रियांना प्रसाविका व परिचारिका शिक्षणाची दारे बंद केली. हा निर्णय बायकांच्या जिवावर उठणारा आहे.