सरोवराच्या तळाचें श्वसन

उन्हाळ्यांत विहीर उपसतांना निघणारा काळा गाळ आपण पाहिला असेल. असा गाळ पाण्यांतील प्राणवायूचा मोठा भक्षक आहे. हें कळलें कसें, तो इतिहास आज सांगावयाचा आहे.

प्रथम मोजण्याचें साधन हवें होतें. तें हंगेरींतील रसायनशास्त्रज्ञ विंक्लर यांनीं १८८८ सालीं दिलें. मँगनीजचा क्षार व अल्कली पाण्यांत घातल्यावर जो साका बसतो, त्यांत विरघळलेला प्राणवायु अडकतो आणि पुढें त्याचें माप घेतां येतें.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत बर्ज व ज्युडे या जोडीनें अनेक सरोवरें तपासलीं. त्यांचा ग्रंथ १९११ सालीं निघाला. उन्हाळ्यांत वरचें पाणी तापून हलकें होतें, खालचें थंड व जड राहतें आणि दोहोंचें मिश्रण थांबतें. वरून प्राणवायु उतरत नाहीं; खालीं मात्र मेलेलें शेवाळ कुजविणारे सूक्ष्म जंतु असेल नसेल तो संपवितात. बर्ज यांनीं १९०७ सालींच या व्यापारास सरोवराचें ‘श्वसन’ म्हटलें होतें. शब्द मोठा समर्पक आहे.

परंतु गाळाच्या पृष्ठावर नेमकें काय घडतें, तें उलगडून दाखविलें इंग्लंडांतील क्लिफर्ड मॉर्टिमर यांनीं. त्यांचे निबंध १९४१ व १९४२ सालीं, म्हणजे ऐन महायुद्धांत, प्रसिद्ध झाले. एस्थवेट सरोवरांतील गाळ त्यांनीं कांचेच्या टाक्यांत ठेविला. एकींत हवा खेळती राहूं दिली, दुसरी बंद केली. पहिलींत गाळावर तांबूस साय टिकली. ही साय गंजलेल्या लोहाची, केवळ कांहीं मिलिमीटर जाडीची. पण खालच्या द्रव्यांस तीच कोंडून ठेविते. बंद टाकींत प्राणवायु सरत आला, तशी साय विरली आणि लोह, अमोनिया व फॉस्फेट पाण्यांत उतरूं लागलें. फॉस्फेट हें तर शेवाळाचें खत! शेवाळ मरून गाळ होतो, गाळ प्राणवायु खातो आणि तो सरतांच नव्या शेवाळास पोसतो.

धरणांच्या जलाशयांत हा प्रश्न केवळ ज्ञानाचा राहत नाहीं. नळाच्या पाण्यांत असें लोह व मँगनीज आल्यास धुतलेल्या वस्त्रांवर डाग पडतात. शिवाय वीजघरांतून पुष्कळदां तळचेंच पाणी नदींत जातें व तेथील मासे गुदमरतात. अमेरिकेंतील टेनेसी खोऱ्यांत १९९० नंतरच्या दशकांत डग्लस धरणाच्या जलाशयांत नळ्या टाकून, पाण्याखालीं प्राणवायु सोडण्याची व्यवस्था करावी लागली.