टंचाईतील पाण्याचा दस्तूर

जेथे प्रत्येक बागाइतदार आपल्या विहिरीचा धनी आहे आणि भूजल मात्र वर्षानुवर्षे खोल चालले आहे, त्या रावेरच्या केळीबागांतून हिंडताना मला पश्चिम खानदेशातील, पांझरेकाठची फडपद्धत हटकून आठवते. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडांत येई. एका फडात एकच पीक असे. अवर्षणात कोणता फड कोरडा ठेवावयाचा हे पंच मुक्रर करीत, पाटकरी पाळी सांभाळी, जागल्या पिके राखी. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे तोटाही वाटला जाई, आणि या व्यवस्थेचे खरे शहाणपण मला येथेच दिसते. पुढे 1993 च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून 500 मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास मनाई केली आणि टंचाईक्षेत्रातील उपशाच्या नियंत्रणाचा अखत्यार सरकारी अंमलदारांकडे सोपविला. फडावर तो गावच्या पंचांकडे होता.