पिवळ्या रोपाची भूक : मातीविना शेतीच्या जन्माची कथा

खिडकीतल्या कुंडीत टोमॅटोचे रोप पिवळे पडून खुरटले, की आज पुष्कळजण त्याची मुळे धुऊन ते दिव्याखालच्या हायड्रोपोनिक पेटीत लावून पाहतात. मातीत मरू घातलेले रोप नुसत्या पाण्यात कसे जगावे? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. आजचा धागा त्याचाच.

१७व्या शतकात व्हान हेल्मॉन्टने विलोचे झाड कुंडीत पाच वर्षे वाढवले. झाडाचे वजन ५ पौंडांवरून १६९ पौंडांवर गेले, माती मात्र जेमतेम २ औंस घटली. झाड पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. निष्कर्ष चुकला, पण चूक मोठी फलदायी ठरली. १६९९ मध्ये जॉन वुडवर्डने पुदिना पावसाच्या, झऱ्याच्या आणि थेम्सच्या पाण्यात वाढवून दाखवला. पाणी जितके निर्मळ, तितकी वाढ कमी. बागेतली माती कालवलेल्या पाण्यात सर्वाधिक. म्हणजे पाण्याखेरीज आणखी काही लागते. ते काय?

उत्तर आजारी पानांनी दिले. १८४०च्या दशकात फ्रान्समध्ये एझेब ग्रिस याने पिवळ्या पानांवर लोहक्षाराचे द्रावण लावले आणि पाने पुन्हा हिरवी झाली. इतिहासात हा माणूस फारच उपेक्षित राहिला, असे मला वाटते.

त्यानंतर १८६०च्या सुमारास युलियुस झाक्स याने सॅक्सनीतील थारांट येथे पद्धतशीर प्रयोग मांडला. आधी बी रुजवायचे, रोपाने जीव धरला की ते भोक पाडलेल्या बुचात बसवायचे आणि मुळे काचपात्रातील द्रावणात सोडायची. द्रावणात मोजके क्षार : नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, गंधक. लोह वगळले, की मक्याची पहिली पाने हिरवी येत; बियाण्यातली शिदोरी संपताच पुढची पाने पांढुरकी. लोहक्षाराचे काही थेंब टाकताच थोड्याच दिवसांत तीच पाने हिरवी होत! रोप रोगी नव्हते, उपाशी होते. एकेक घटक वगळून रोपालाच प्रश्न विचारण्याची ही रीत हाच पेटीचा खरा पाया.

पुढे १९३७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विल्यम गेरिकने 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केले. उंचच उंच टोमॅटोवेलींमुळे प्रसिद्धी त्याला मिळाली. श्रेयाचा मोठा वाटा मात्र झाक्सचा.

एक अडचण उरलीच होती. द्रावणातले लोह स्फुरदाशी संयोग पावून तळाशी बसे आणि रोप पुन्हा पिवळे पडे. १९५१ मध्ये लुई जेकबसनने लोहाला ईडीटीए या संयुगात गुंफून ते विरघळलेले ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. आजच्या पोषक द्रावणांत 'चिलेटेड' लोह असते, ते यासाठीच.

आपल्याकडच्या चुनखडीच्या रानात हेच घडते. जमिनीत लोह भरपूर असते, पण मुळांना उचलता येत नाही. उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात, तेव्हा शेतकरी 'केवडा पडला' म्हणतो आणि हिराकस फवारतो. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. ग्रिसने पानांवर लावला होता, तोही लोहक्षारच.