मारणाऱ्याला जाब कोणी विचारायचा?

20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्ग महिला परिषद भरली. तिने घटस्फोटाचा हक्क मागितला. बायको ही नवऱ्याची मैत्रीण आहे, दासी नव्हे, हे बाबासाहेबांनी तेथेच बजावले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत मी पाहिले ते निराळेच. रात्री मार खाल्लेल्या बाईला सकाळी जाणती माणसे सांगत, ‘नांदाच लागते बाई.’ मारणाऱ्याला कोणी काही विचारीत नसे. जयंतीच्या मिरवणुकीत तो पुढेच असे.

1983 साली कलम 498अ आले. 2005 च्या कायद्याने मारणाऱ्यालाच घराबाहेर काढण्याचा आदेश न्यायालयाला देता येतो. पण न्यायालय तालुक्याला, मारणारा शेजारी. म्हणून बाईला तक्रारीसाठी सोबत आपणच द्यावी. आणि ज्याचा हात घरात उठतो, त्याच्या हाती चळवळीचा झेंडा देऊ नये.