तालमीतून मैदानाकडे : कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची वाटचाल

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा एखादी संस्था पन्नास वर्षे कशाच्या बळावर टिकते, हाच प्रश्न प्रथम मनात उभा राहिला. त्याचे उत्तर मला व्यापारात नव्हे, तर फुटबॉलच्या मैदानावर मिळाले. म्हणून हा विषय.

आपल्या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. आमच्या बालपणी ते अहमदनगर होते. हे लष्करी छावणीचे गाव. जवानांचे सामने कुंपणाबाहेरून पाहून आम्हा मुलांनाही फुटबॉलचे वेड लागले. बी. कॉम.च्या वर्गात असताना आम्ही पंधरा-सोळा मित्रांनी एक संघ उभा केला. हिशेब माझ्याकडे होता. बॉल, ब्लॅडर, पंप असा खर्च लिहिलेली ती वही अजून माझ्या पेढीच्या कपाटात आहे. चारच वर्षांत कोणी नोकरीस गेले, कोणी वडिलांच्या दुकानात बसले आणि वहीची उरलेली पाने कोरी राहिली.

पुढे कापडाच्या खरेदीसाठी इचलकरंजीस नेमाने जाऊ लागलो. तेथील अडत्याने एकदा सौदा लवकर आटोपून मला कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर नेले. स्टेडियम खच्चून भरलेले होते. सामना कोणत्या मोठ्या शहरांचा असेल, असे मी विचारले. तो हसून म्हणाला, "शेठ, दोन्ही संघ इथल्याच पेठांचे आहेत." त्या दिवसापासून या संघांचा इतिहास जाणून घेण्याची ओढ लागली.

हिंदुस्थानात फुटबॉल रुजविला तो गोऱ्या पलटणींनी. १८८८ साली सिमल्यास ड्युरँड चषक व १८९१ साली मुंबईस रोव्हर्स चषक सुरू झाला, तेव्हा मैदानावर प्रामुख्याने लष्करी संघच असत. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्याच्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली आणि हा खेळ आपलाही आहे, असा विश्वास देशाला आला.

कोल्हापुरात या खेळाला निराळेच घर मिळाले, ते म्हणजे तालीम. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) कुस्तीला उदार आश्रय दिला. खासबागचे भव्य कुस्ती मैदान १९१२ सालचे. पेठापेठांतून तालमी होत्या. तेथे लाल मातीत जोर-बैठका चालत, गणेशोत्सव होई, पेठेतील तंटेही मिटविले जात. फुटबॉल आला तो याच अंगणात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही आजच्या नामांकित फुटबॉल संघांची नावेच त्यांचे मूळ सांगतात. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ व प्रॅक्टिस क्लब यांसारखे संघ उभे राहिले. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली. 'के.एस.ए.' या नावाने परिचित असलेल्या या संस्थेमुळे संघ व खेळाडूंची नोंदणी, साखळी सामने, पंच आणि शिस्त यांची घडी बसली. छत्रपती घराण्याचा आश्रयही या खेळाला लाभत आला.

या संघांच्या दीर्घायुष्याचे मर्म मला असे दिसते. आमचा संघ मित्रांचा होता. मित्र पांगले, संघ संपला. कोल्हापूरचा संघ पेठेचा असतो. खेळाडू निवृत्त झाला तरी पेठ निवृत्त होत नाही. आजोबा ज्या संघाकडून खेळले, त्याच संघाची जर्सी नातू अंगावर चढवितो. वर्गणी पेठेतून येते, जखमी खेळाडूची विचारपूस पेठ करते आणि पराभवाचे दुःखही पेठेलाच होते. शिवाय तालमीला स्वतःची वास्तू असते. जागा आणि जबाबदारी या दोन गोष्टी असल्या की संस्था व्यक्तींपेक्षा दीर्घायुषी होते.

तथापि केवळ गुणगान करणे इतिहासाला शोभणारे नाही. पेठेच्या अभिमानाने कधी कधी मर्यादा ओलांडली आहे. समर्थकांतील हाणामाऱ्यांमुळे सामने थांबविण्याची व पोलीस बंदोबस्त वाढविण्याची वेळ आली आहे. अलीकडे काही संघ परदेशी खेळाडूंना मानधन देऊन आणू लागले. त्यामुळे खेळाची गती वाढली हे खरे; परंतु खर्चही वाढला, आणि ज्या पेठेतील मुलांसाठी संघ उभा राहिला, त्यांनाच बाकावर बसावे लागेल की काय, ही जुन्या खेळाडूंची चिंता मला रास्त वाटते. हौशी संस्थेत पैसा हा ताण्याप्रमाणे आवश्यक आहे. पण बाण्याचा धागा माणसांचाच हवा. एकट्या ताण्याचे कापड होत नसते.

या परंपरेचे फळ देशाने २०१७ साली पाहिले. भारताने प्रथमच १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे यजमानपद भूषविले, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याने शिक्षण घेतले. पण फुटबॉल म्हणजे जीव की प्राण मानणाऱ्या गावात त्याचा जन्म झाला, हेही विसरता येणार नाही.

कोल्हापूरहून परतल्यावर मी ती जुनी वही काढून पाहिली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात शिल्लक रक्कम लिहिलेली आहे, अवघी साडेतीन रुपये. रक्कम पुढे ओढली आहे. मात्र पुढील पानावर ती घेणारा कोणी नव्हता. आम्ही जमाखर्च चोख ठेवला, पण वही सोपवावी असा धाकटा गडी तयार केला नाही. दोष परिस्थितीचा नव्हता, आमचाच होता.

पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना शिल्लक किती, याबरोबरच ती कोणाच्या हाती सोपवावयाची, हेही पाहिले पाहिजे. कोल्हापूरच्या पेठांनी ते पाहिले, म्हणून तेथील मैदान आजही भरलेले आहे.