कोल्श बिअरचे कुळ आणि १६०३ची शपथ

तापाच्या वेळी कपाळावर ठेवायच्या कोलनवॉटरच्या पट्टीमुळे ज्या शहराचे नाव मराठी घरांत पोचले, त्या ऱ्हाइनकाठच्या कोलोनची दुसरी ओळख म्हणजे कोल्श ही बिअर होय. फिकट सोनेरी रंग, आरपार दिसणारी नितळता, घोट गिळल्यावर जिभेवर न रेंगाळणारा गोडवा आणि सुमारे ४.८ टक्के मद्यार्क ही तिची लक्षणे पाहता ती लागर वर्गातली वाटते. प्रत्यक्षात मात्र ती एल वर्गात मोडते. एल म्हणजे कोमट तापमानात, द्रवाच्या पृष्ठभागावर फेसासह चढणाऱ्या यीस्टने आंबवलेली बिअर. लागर म्हणजे थंडीत, तळाशी बसणाऱ्या यीस्टने आंबवून दीर्घकाळ थंड ठेवलेली. एका वर्गाचे बीज आणि दुसऱ्या वर्गाचे रूप हा संकर कसा घडला, याचे उत्तर केवळ कोलोनमध्ये शोधणाऱ्यांच्या हाती अर्धीच कथा लागते. उरलेली अर्धी म्युनिकमध्ये आहे.

कोलोनच्या नगरसभेने १६०३ मध्ये तळाशी आंबणाऱ्या बिअरला मनाई केली आणि जुन्या पद्धतीनेच बिअर करण्याची शपथ मद्यकारांकडून घेतली. यीस्ट हा सजीव आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. पण विरजण बदलले की दही बदलते, एवढे ज्ञान त्या व्यवसायालाही होते. बव्हेरियात नेमका उलटा प्रवाह होता. तेथील १५५३च्या आदेशाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर तयार करण्यास बंदी घातल्यामुळे हे काम थंडीच्या महिन्यांतच उरले आणि थंडीत तगणाऱ्या यीस्टची आपोआप निवड होत गेली.

या दोन प्रवाहांचा संबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने अनपेक्षितपणे जुळतो. लागरचे यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस पास्टोरियानस, हे दोन जातींचे संकरित अपत्य आहे: एक एलचे नेहमीचे यीस्ट, आणि दुसरे थंडी सोसणारे युबायानस, जे २०११ मध्ये पॅटागोनियाच्या जंगलांत प्रथम ओळखले गेले. गहू-बिअरचा मक्ता बव्हेरियाच्या ड्यूक माक्सिमिलियनच्या हाती आल्यानंतर म्युनिकच्या दरबारी मद्यशाळेत वर चढणारे आणि तळाशी बसणारे असे दोन्ही प्रकारचे यीस्ट शेजारी शेजारी नांदू लागले आणि १६०२ ते १६१५ या काळात तेथेच हा संकर घडला, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. ते मान्य केले, तर कोलोनची शपथ आणि लागर-यीस्टचा जन्म एकाच सुमारास येतात: म्युनिकने जो शेजार घडू दिला, तोच कोलोनने शपथेने रोखला.

यावर पहिला आक्षेप असा की, युबायानस पॅटागोनियात सापडले असताना त्याचा संकर सतराव्या शतकाच्या आरंभी म्युनिकमध्ये कसा व्हावा? हे यीस्ट पुढे तिबेटमध्ये आणि २०२२ मध्ये आयर्लंडमध्येही आढळल्याने त्या आक्षेपातील जोर बराच ओसरला आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शपथेमागे यीस्टची चिंता नसून बाहेरच्या, अधिक टिकाऊ मालापासून स्थानिक धंद्याचे रक्षण करण्याचा हेतू असेल. तो हेतू असणे अगदी संभवनीय आहे. मात्र हेतू व्यापारी असला तरी परिणाम जैविक झाला, आणि कुळकथेत वजन परिणामाला असते.

तथापि शपथेने जपले ते केवळ यीस्ट. आजचे रूप तिने दिलेले नाही. ते १८४२ मध्ये पिल्सेन येथे योझेफ ग्रोल याने तयार केलेल्या फिकट लागरच्या दबावातून आले. अप्रत्यक्ष उष्णतेने हळुवार वाळवलेले फिकट माल्ट (अंकुरवून वाळवलेले सातू), ज्याची मूळ विद्या इंग्लंडमधली, आणि कार्ल लिंडे याचे १८७०च्या दशकातील शीतयंत्र, या दोहोंनी जुन्या यीस्टला नवा पेहराव दिला. कोल्श हा प्रकार मध्ययुगापासून अखंड चालत आला, या लोकप्रिय समजाला शेजारचे ड्युसेलडॉर्फच उत्तर देते: तेथील आल्टबिअरमध्ये वर चढणारे यीस्ट तेच आणि थंड साठवणही तीच, पण माल्ट गडद असल्याने रंग तांबूस-तपकिरी. दोघींतील भेद मुख्यतः माल्टाचा आहे आणि फिकट माल्ट ही आधुनिक काळाची देणगी आहे.

पुढचे टप्पे सुपरिचित आहेत. बिअरसाठी ‘कोल्श’ हे नाव १९१८ मध्ये झ्युनर मद्यशाळेने प्रथम वापरल्याचे मानले जाते. १९८६ मध्ये २४ मद्यशाळांनी कोल्श करारावर सह्या केल्या आणि १९९७ मध्ये युरोपीय संघाने नावाला भौगोलिक संरक्षण दिले. अन्यत्र क्राफ्ट मद्यकार ‘कोल्श-शैली’ असे लिहितात, त्याचे मूळ या मालकी हक्कात आहे.

या करारात एक अट लक्षणीय आहे: बिअर गाळून नितळ केलेली असली पाहिजे. त्यामुळे तिचीच न गाळलेली, गढूळ पूर्वज ‘वीस’ ही कोल्श या नावापासून वंचित राहते. उलट अमेरिकी परीक्षकांच्या प्रचलित गुणपत्रिकेत ५० पैकी १२ गुण गंधाला, २० चवीला आणि दर्शनी रूपाला अवघे ३ आहेत. कोलोनमध्ये जी गोष्ट नाव मिळण्याची पूर्वअट, ती गुणपत्रिकेत जवळजवळ नगण्य ठरते, आणि म्हणूनच निव्वळ बेरजेवर कोल्शचे मूल्यमापन करणे अपुरे पडते.

खरी कसोटी गंधात आहे. कोमट आंबवणीत यीस्ट एस्टर नावाची सुगंधी संयुगे निर्माण करते आणि त्यांतून सफरचंदाची किंवा नाशपातीची पुसट चाहूल येते. नंतरचे काही आठवड्यांचे थंड मुरवणे तिला सौम्य करते. हा गंध ठळक झाला, तर थंड साठवण आखूड पडली किंवा आंबवण फार उष्ण झाली, असे समजावे. मुळीच नसला, तर ती बिअर लागरपासून ओळखणे कठीण होते. हा नाजूक गंध जुन्या साठ्यात लवकर विरतो आणि उंच, अरुंद, ०.२ लिटरच्या पेल्यात ओतलेली कोल्श कोमट होण्याआधी संपते, हे ध्यानात घेता परीक्षकाने ताजा नमुना मागावा आणि पहिल्याच घोटाआधी नाक पेल्याशी न्यावे. लागरशी तिचे जे नाते १६०३ मध्ये तोडले गेले, त्याचा पिण्याजोगा पुरावा त्या एका हुंगण्यात मिळतो; नितळपणाला त्यानंतर हवे तेवढे गुण द्यावेत.