फोटो कुणाचा? काढणाऱ्याचा की त्यातल्या माणसाचा?

शिरूर तालुक्यात फिरायला येणाऱ्यांची वाट ठरलेली आहे. रांजणगावचा गणपती, मोराची चिंचोली, नदीपलीकडे निघोजचे रांजणखळगे. वाटेत ऊसतोड टोळीच्या कोप्या दिसतात, वीटभट्टी दिसते, पारध्यांची पालं दिसतात आणि गाडी थांबते. काच खाली होते, मोबाईल बाहेर येतो. इकडे निमोण्यापासून तिकडे दौंडच्या भीमाकाठापर्यंत वस्तीतल्या माणसांना हा प्रकार नवा नाही. हटकलं तर उत्तर तयार असतं, "सार्वजनिक जागा आहे, परवानगी कशाला?"

'सार्वजनिक' या शब्दाशी आमचा जुना हिशोब आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा सवर्ण कोर्टात गेले. त्यांचा दावा काय होता? तळं सार्वजनिक नाही, खाजगी आहे! हा दावा खोटा ठरायला १७ मार्च १९३७ उजाडलं, उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. म्हणजे आम्ही पाणी मागितलं तेव्हा गावचं तळं खाजगी झालं, आणि कॅमेरा आला की आमच्या बाईची उघड्यावरची चूल सार्वजनिक होते. जागा सार्वजनिक की खाजगी हे कोण ठरवतो, असा आमचा प्रश्न आहे.

कॅमेरा या देशात आला तोच साहेबाच्या हातात. मुंबई सरकारच्या नोकरीतल्या विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले, त्यातला दुसरा महाराष्ट्राचा. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे आणि मागे दुसऱ्याच ठिकाणचं दृश्य जोडायचं, अशी त्याची रीत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड छापले. फोटोखाली बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही, जातीचं नाव आहे, आणि सोबत ती जात प्रामाणिक की लबाड याचा शेरा. माणूस नव्हे, नमुना!

१८६९ साली लंडनला गेलेल्या सर सय्यद अहमद खानांनी हे पुस्तक पाहिलं आणि त्यांना संताप आला. आपल्या देशाचे लोक जनावरासारखे दाखवलेत, इंग्रज पोरं हेच बघून हिंदुस्थानात येणार, ही त्यांची तक्रार. तक्रार खरी होती. पण आम्हाला त्यात दुसरंही काही ऐकू येतं. आपल्यासारख्या घरंदाजांना उघड्यावाघड्यांच्या रांगेत बसवलं, हेही दुःख त्यात होतं. त्या उघड्यावाघड्यांना कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं होतं का, हे ना साहेबाने विचारलं ना सय्यदसाहेबांनी.

मग फोटो पोलिसांच्या दप्तरात गेला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली नव्याने करून मुंबई इलाख्यापर्यंत आणला गेला. पारधी, कैकाडी जन्मतःच संशयित ठरले. १९२० च्या कायद्याने कैदी-आरोपींची मापं आणि फोटो घेण्याची मुभा पोलिसांना दिली. त्याच्या जागी २०२२ साली नवा कायदा आला. आता डोळ्याच्या बुबुळापर्यंत नोंद होते, ती ७५ वर्षं ठेवता येते, आणि नकार देणं हाच गुन्हा आहे. निर्दोष सुटल्यावर नोंद पुसायची तरतूद आहे, पण ती आपोआप पुसली जाईल असं मानून पालातल्या माणसाने निर्धास्त राहावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

याच्या अगदी उलटा एक फोटो आहे. १ जानेवारी १९२७, कोरेगावचा विजयस्तंभ, आणि सहकाऱ्यांसोबत बाबासाहेब. फेब्रुवारी १९३४ चा राजगृहातला फोटो आठवा, माता रमाई, यशवंतराव, अगदी टॉबी कुत्राही. इथे कुणी कुणाचा नमुना नाही. कोणते कपडे, शेजारी कोण, हे फोटोतल्या माणसांनी ठरवलेलं आहे. बाबासाहेबांचा सूट म्हणूनच अनेकांना खुपतो. आमच्या आजी-आज्यांनी तालुक्याच्या स्टुडिओत पैसे मोजून, ताठ बसून काढलेले फोटो याच परंपरेतले.

गंमत म्हणजे कायदाही हा फरक जाणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तुम्ही मोबदला देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा मालकी तुमची. वाटसरूने फुकट टिपला, तर मालकी त्याची. पालातल्या म्हातारीच्या सुरकुत्यांना शहरात बक्षीस मिळतं, आणि तो फोटो कायद्याने तिचा नसतो.

मग परवानगी लागते कधी? रस्त्यावर नुसता फोटो काढायला लागतेच, असा सरसकट कायदा भारतात नाही, हे आम्ही लपवत नाही. पण तो फोटो जाहिरातीला वा इतर वापराला संमतीशिवाय लावणं हा खाजगीपणाचा भंग ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल निकालात सांगितलं. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. अंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बाईचा चोरून फोटो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. ज्या टोळीला न्हाणीघर नाही, आडोशाला साडी बांधलेली आहे, तिथे हे कलम पाठ असू द्या. बाईने फोटोला होकार दिला पण पुढे पाठवायला दिला नाही, तरी पाठवणारा याच कलमात सापडतो.

आता आपल्या चळवळीकडे. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीनंतर मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले. त्या फोटोंनी झोपलेला महाराष्ट्र जागा केला हे खरं, कारण वर्तमानपत्रं गप्प होती. पण तेव्हाचा नाइलाज आज सवय झाला आहे. अत्याचार झाला की तासाभरात पीडितेचा फोटो लावून 'न्याय द्या'चं पोस्टर तयार! बलात्काराच्या प्रकरणात कलम ७२ हे मना करतं. पीडिता मरण पावली असली, नातेवाइकांनी हो म्हटलं असलं, तरी ओळख जाहीर करायची गरज आहे का हे सत्र न्यायाधीश ठरवतील, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात बजावलं आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आहेच.

कॅमेरा बंद ठेवा असं आमचं म्हणणं नाही. जळालेलं घर, तुटलेला नळ, पंचनाम्याची जागा यांचे फोटो तारीख-वेळेसह काढलेच पाहिजेत. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ(१०) प्रमाणे तर खटल्याच्या कामकाजाचं चित्रीकरण व्हायला हवं. डॉ. पायल तडवी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसं करायला लावलं. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या किती कार्यकर्त्यांनी हा अर्ज कधी दिला आहे? सत्यशोधन समितीने वस्तीत पाऊल टाकताना आधी माणसाला नाव विचारावं, फोटो कुठे जाणार ते सांगावं, आणि "नको" म्हटलं तर मोबाईल खिशात ठेवावा. १५अ चा अर्ज मात्र पहिल्याच तारखेला द्यावा.